श्रेयनामावलीतले एक नाव



माझे लहानपण मिरजेत गेले. वडील तंतुवाद्यांच्या एका दुकानात सतारींना पॉलिश करायचे. घरात रेडिओ एकच, आणि तो बहुतेक वेळ विविध भारतीवर असायचा. गाणे लागण्याआधी निवेदक चित्रपटाचे नाव सांगत, मग गायकाचे, गीतकाराचे आणि संगीतकाराचे. मधेच कोणी बोलले की वडील हाताने गप्प करत. त्यांचे म्हणणे असे, की वाद्य चांगले वाजले तर आधी कारागीर कोण ते विचारावे. गाणे संपले की जाहिरात लागायची. तिचीही चाल तोंडात बसायची, पण तिच्याआधी कुणी कुणाचे नाव सांगत नसे. आणि जाहिरातीचा कारागीर कोण, हे वडिलांनीही कधी विचारले नाही.

आज मी अशाच एका कारागिराविषयी बोलणार आहे. त्याच्या चाली तुमच्या-माझ्या घरात वर्षानुवर्षे नांदल्या. नाव मात्र पडद्यावरच्या श्रेयनामावलीत यायचे आणि वाचेपर्यंत निघून जायचे. त्यांचे नाव वनराज भाटिया. ७ मे २०२१ रोजी वयाच्या ९३व्या वर्षी मुंबईत राहत्या घरी ते वारले. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस. रोज एवढी माणसे जात होती, की एका वृद्ध संगीतकाराची बातमी कधी आली आणि कधी मागे पडली, हे अनेकांना कळलेही नाही. त्या बातमीखाली त्यांच्या कामाची यादी होती. ती वाचताना मी चपापलो. ‘मंथन’चे गाणे, ‘तमस’मधली ती हाक, ‘भारत एक खोज’चे शीर्षकसंगीत, लिरिल साबणाची लकेर. ही नावे मला सुटी सुटी माहीत होती, पण या सगळ्यामागे एकच माणूस आहे, हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता.

तो हिशेब आज मांडू या.

वनराज भाटिया यांचा जन्म ३१ मे १९२७चा, मुंबईतल्या एका कच्छी कुटुंबातला. लहानपणी ते शास्त्रीय संगीत शिकले ते प्रा. बी. आर. देवधर यांच्या विद्यालयात. देवधर मास्तर मूळचे आमच्या मिरजेचे, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, आणि स्वतः पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केलेले. कुमार गंधर्व घडले ते याच विद्यालयात. पण वनराजच्या कानावर शाळकरी वयात चायकोव्स्की या रशियन संगीतकाराचा पियानो कॉन्चेर्टो पडला आणि मुलगा त्या सुरांच्या मागे गेला. डॉ. माणेक भगत यांच्याकडे तो चार वर्षे पियानो शिकला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९४९ साली त्याने इंग्रजीत एम.ए. केले आणि मग लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक गाठली.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. जो तो आपली मुळे शोधत होता, आणि हा तरुण युरोपचे संगीत शिकायला निघाला होता. ‘आपले एवढे मोठे संगीत घरात असताना हे परके कशाला?’ हा प्रश्न त्याला जन्मभर सोबत करणार होता. त्या प्रश्नाची धार मला थोडी माहीत आहे. ‘घरची भाषा सोडून तुम्ही मराठीत कसे लिहिता?’ असे मला आजही एखाद्या कविसंमेलनानंतर चहाच्या कपासोबत विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. त्याने फक्त असे गृहीत धरलेले असते, की भाषा आणि सूर हे सातबाऱ्यावरच्या जमिनीसारखे असतात. ज्याच्या नावावर, त्याचे.

लंडनमध्ये भाटियांना शिष्यवृत्ती मिळाली आणि १९५४मध्ये सुवर्णपदकही. त्यांच्या शिक्षकांपैकी विल्यम ऑल्विन हे स्वतः ब्रिटिश चित्रपटांना संगीत देत. म्हणजे चित्रपटाचे काम हलके नाही, हा धडा त्यांनी डोळ्यांसमोरच पाहिला होता. तिथून ते पॅरिसला गेले, नादिया बूलांजे या विदुषीकडे. विसाव्या शतकातले निम्मे संगीतकार या बाईंच्या हाताखालून गेले असे म्हटले, तर ती थोडीशीच अतिशयोक्ती ठरेल. अमेरिकेचा आरन कोपलंड तिथे शिकला, पुढे फिलिप ग्लासही शिकला. भाटिया गेले त्याच सुमारास अर्जेंटिनाचा आस्तोर पियाझोला तिथे होता. तो आपल्या गावच्या टँगो नाचाची धून लाजून लपवत होता. बाईंनी ती वाजवून घेतली आणि सांगितले, की तुझे खरे संगीत हेच आहे, ते सोडू नकोस. बूलांजेबाईंची शिकवण ही अशी. व्याकरण कडक, पण सूर ज्याने त्याने आपला आणायचा.

हे व्याकरण म्हणजे काय, ते दोन शब्दांत सांगतो. आपले संगीत एका सुरावटीचे आहे. एकच वाट, पण तिची वळणे अनंत. युरोपच्या संगीतात एका वेळी अनेक वाटा चालतात आणि त्यांनी एकमेकींना सांभाळून चालायचे असते. ‘फ्यूग’ नावाचा त्यांचा एक प्रकार आहे. वारीत पुढच्या दिंडीने अभंगाचे चरण उचललेले असते. ती दुसऱ्या चरणावर जाते तोवर मागची दिंडी पहिले चरण उचलते, आणि मधे उभ्या राहणाऱ्याला दोन्ही एकदम ऐकू येतात. वारीत हे आपोआप घडते. फ्यूगमध्ये ते एकेक स्वर मोजून कागदावर लिहायचे असते. भाटियांनी पियानोसाठी असा एक फ्यूग लिहिला आणि तो त्यांच्या नेहमी वाजवल्या जाणाऱ्या रचनांपैकी एक ठरला.

१९५९ साली ते भारतात परतले. आता प्रश्न असा, की हे शिक्षण घेऊन करायचे काय? कवीला कागद आणि पेन्सिल पुरते. वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्याला पन्नास-साठ वादक लागतात, त्यांच्या तालमी लागतात आणि तालमींचा खर्च सोसणारा कुणीतरी लागतो. तेव्हाच्या मुंबईत उत्तम व्हायोलिन वाजवणारे होते. त्यांतले बरेचसे गोव्याचे, आणि त्यांच्या पोटापाण्याची सोय चित्रपटांच्या रेकॉर्डिंगवर होती. पण नव्या भारतीय संगीतकाराची रचना नेमाने वाजवील असा पूर्णवेळ व्यावसायिक वाद्यवृंद नव्हता. मुंबईच्या एनसीपीएमध्ये ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ सुरू झाला तो २००६ साली. तेव्हा भाटिया ७९ वर्षांचे होते.

१९६० ते १९६५ ही वर्षे त्यांनी दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवले. पण त्यांना रोजचे काम दिले ते जाहिरातींनी. शक्ती सिल्क साड्यांच्या जाहिरातपटाला त्यांनी संगीत दिले, आणि जाहिरातपटासाठी खास संगीत रचण्याची भारतातली ती सुरुवात मानली जाते. त्यानंतर लिरिल, गार्डन वरेली, ड्युलक्स अशी रांगच लागली. त्यांनी केलेल्या जिंगल्सचा आकडा सात हजारांच्या वर सांगितला जातो.

पॅरिसहून येऊन साबणाच्या चाली करायच्या, यावर हसणारे हसले असतील. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. उर्दू शायर दोन ओळींत शेर पुरा करतो आणि आमची आई जात्यावर साडेतीन चरणांत ओवी. थोड्या जागेत नेमके बोलणे ही कारागिरीची खरी परीक्षा. लिरिलची जाहिरात आठवा. धबधबा, भिजणारी मुलगी आणि शब्दांशिवाय नुसते ‘ला ला’. अर्ध्या मिनिटात थंडगार पाणी अंगावर घेतल्याचा भास होतो. १९६७ साली मुंबई-पुणे-नागपूर या केंद्रांवरून विविध भारतीची जाहिरातसेवा सुरू झाली, आणि अशा चालींना घराघरांत वाट मिळाली. त्यांच्याआधी नाव सांगण्याची पद्धत मात्र पडली नाही.

या जाहिरातींच्या जगातच त्यांची श्याम बेनेगलांशी गाठ पडली. बेनेगलही जाहिरातपट करत. आपल्याकडच्या समांतर सिनेमाचा इतिहास लिहिताना एक गोष्ट सहसा मागे राहते, ती अशी की हा सिनेमा जाहिरातींच्या अंगणात वाढला. १९७४च्या ‘अंकुर’मागे जाहिरातपटांचे वितरण करणारी ‘ब्लेझ’ ही संस्था उभी राहिली होती. दिग्दर्शक आणि संगीतकार दोघेही त्याच कामात हात बसलेले. वेळेत काम करायचे, कमी पैशांत करायचे आणि एकही सेकंद वाया घालवायचा नाही, ही शिस्त तिथलीच.

‘अंकुर’ला रूढ अर्थाने गाणी नव्हती. दोन वर्षांनी, १९७६ साली, ‘मंथन’ आला. गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून केलेला हा चित्रपट. त्यातले प्रीती सागर यांनी गायलेले ‘मेरो गाम काठा पारे’ हे गाणे त्यांची बहीण नीती सागर यांनी लिहिले होते. चाल अशी, की ती कुणी ‘केली’ असेल हे खरेच वाटत नाही. गावच्या विहिरीवर पिढ्यान्‌पिढ्या गायली जात असावी असेच वाटते. या गाण्यासाठी प्रीती सागर यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढे अमूलने ही चाल आपल्या जाहिरातीत घेतली. जाहिरातीतून सिनेमात आलेल्या संगीतकाराची चाल सिनेमातून जाहिरातीत गेली. मे २०२४मध्ये ‘मंथन’ची नव्याने सुधारलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा ती पाहायला संगीतकार हयात नव्हता.

त्यानंतरचा १९७७चा ‘भूमिका’ हा तर आपल्या मराठी माणसांचा जिव्हाळ्याचा विषय. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावर तो आधारलेला. नटीचे आयुष्य सांगायचे म्हणजे ती ज्या चित्रपटांत नाचली-गायली, त्या चित्रपटांची गाणीही दाखवायची. जुन्या बोलपटांपासून पुढच्या काळापर्यंत गाणे कसे बदलत गेले, ते सुरांतून उभे करायचे. गीते मजरूह सुलतानपुरी आणि वसंत देव यांची. इथे संगीतकाराचे खरे इमान दिसते. जुन्या गाण्यांची टिंगल करणे सोपे होते. भाटियांनी तसे केले नाही. त्या त्या काळातला संगीतकार जसे मनापासून गाणे करील, तसे केले. चांगला नट भूमिकेत शिरतो, तसा हा संगीतकार काळात शिरला.

त्यांच्या कामाची ही किल्ली आहे असे मला वाटते. ‘जुनून’ १८५७च्या उठावाचा, तिथे अमीर खुसरोचे शब्द आणि मोहम्मद रफींचा आवाज. ‘मंडी’ कोठ्यावरचा, तिथे बहादुरशहा जफर आणि मखदूम मोहिउद्दीन यांची शायरी. ‘त्रिकाल’ पोर्तुगीज सत्तेच्या शेवटच्या दिवसांतल्या गोव्याचा, लोटलीच्या मारिओ मिरांडांच्या घरात चित्रित झालेला; तिथे रेमो फर्नांडिस यांची साथ आणि गोव्याच्या दिवाणखान्याला शोभेल असा बाज. १९९६च्या ‘सरदारी बेगम’मध्ये ठुमरी, आणि ती गायला आपल्या आरती अंकलीकर-टिकेकर. प्रत्येक ठिकाणी गाणे त्या घराचेच वाटते. ही भाटियांची चाल, असा शिक्का कुठे उमटत नाही. शैलीचा शिक्का असलेल्या संगीतकाराला लोक ओळखतात. जो प्रत्येक घरात त्या घरचा होऊन राहतो, त्याला ओळखायचे कसे? त्यांचे नाव विसरले जाण्याचे एक कारण त्यांच्या या गुणातच आहे.

आता १९८८ सालाकडे येतो. त्या वर्षाने माझ्यावर दोन उपकार केले.

पहिला ‘तमस’चा. भीष्म साहनींची कादंबरी, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन, विषय फाळणीचा. जानेवारीत मालिका सुरू झाली आणि ती बंद पाडण्यासाठी प्रकरण कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली आणि प्रक्षेपणाला मोकळीक दिली. सर्वोच्च न्यायालयानेही तेच केले. आमच्या गल्लीत टीव्ही शेजारच्यांकडे होता. हिंदू-मुसलमान सगळीच घरे तिथे दाटीवाटीने बसायची. पहिल्या दिवशी मोठी माणसे जरा अवघडलेली होती. उद्या सकाळी एकमेकांच्या तोंडाकडे कसे पाहायचे, हा विचार प्रत्येकाच्या मनात असणार. शीर्षकाबरोबर ती आर्त हाक आली आणि खोली एकदम गप्प झाली. त्या हाकेत ‘रब्ब’ हा शब्द आहे. पंजाबात देवाला रब्ब हिंदूही म्हणतो, मुसलमानही आणि शीखही. त्यामुळे हाक नेमकी कुणाच्या घरातून आली, हे कळायला मार्गच नाही. संगीतकाराने एका हाकेत सगळ्यांचे रडणे एकत्र केले होते. त्या रात्री उठताना शेजारच्या काकू आईचा हात धरून थोडा वेळ दारात उभ्या राहिल्या. दोघी काही बोलल्या नाहीत. या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला त्याची थोरवी कळली ती मात्र त्या दारात.

दुसरा उपकार ‘भारत एक खोज’चा. नेहरूंनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात तुरुंगवासात लिहिलेल्या ग्रंथावर बेनेगलांनी केलेली ही ५३ भागांची मालिका. तिच्या सुरुवातीला ऋग्वेदातले नासदीय सूक्त येते आणि शेवटी हिरण्यगर्भ सूक्त. हे विश्व झाले कसे, हे कुणाला ठाऊक आहे, असे विचारणारी ती प्राचीन ऋचा भाटियांनी अनेक कंठांच्या मेळाने उभी केली. संस्कृत शब्द, त्यामागून हिंदी अनुवाद, आणि खाली युरोपच्या व्याकरणाने रचलेला सुरांचा पाया. परके म्हणून ज्या विद्येची हेटाळणी होऊ शकली असती, तीच विद्या या देशाच्या सगळ्यात जुन्या प्रश्नाला आवाज द्यायला उपयोगी पडली.

त्या सुमारास मी महाविद्यालयात होतो. एका स्नेहसंमेलनाच्या तालमीत कुणीतरी ते शब्द गुणगुणू लागला आणि मी पुढची ओळ म्हटली. एक प्राध्यापक चकित होऊन म्हणाले, “अरे, तुला हे पाठ कसं?” मी म्हणालो, “टीव्हीवरून, सर.” ते हसले, मीही हसलो. पण घरी जाताना विचार करत होतो. जी ऋचा शतकानुशतके मोजक्या घरांत, मोजक्यांच्या तोंडी राहिली, ती मिरजेच्या एका पॉलिशवाल्याच्या पोराच्या ओठांवर आली होती, आणि त्याला कुणाची परवानगी लागली नव्हती. मी पुढे मराठीत कविता लिहिल्या. लिहिण्याचे धैर्य मला कुठून कुठून मिळाले याची यादी केली, तर त्यात ही चाल येईल.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार भाटियांना १९८९मध्ये मिळाला, पद्मश्री २०१२मध्ये. त्याच २०१२ साली त्यांच्या ‘अग्निवर्षा’ या ऑपेराचे पहिले दोन अंक न्यूयॉर्कमध्ये सादर झाले. गिरीश कार्नाडांच्या नाटकावर त्यांनी रचलेली ही मोठी संगीतिका. मुंबईच्या संगीतकाराची महाभारतातली कथा, आणि तिचा पहिला प्रयोग सातासमुद्रापार. जानेवारी २०१९मध्ये जगप्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईत त्यांची ‘रेव्हरी’ ही रचना वाजवली. आणि त्याच वर्षी वर्तमानपत्रांत बातमी आली, की भाटिया आजारी आहेत, आठवण दगा देते आहे, आणि हाताशी पैसा नाही. माणसे मदतीला धावली, गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्थाही आली. ते चांगलेच झाले.

पण मदत वेगळी आणि हक्क वेगळा. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता, की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. चाल एकदा विकली की संगीतकाराचा हात रिकामा. २०१२ साली कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांच्या मानधनाचा वाटा कुणाला लिहून घेता येणार नाही, असे ठरले. तोवर भाटिया ८५ वर्षांचे झाले होते. एका पिढीने मशागत करायची आणि पिकाचा कायदा पुढच्या पिढीसाठी व्हायचा, हे आपल्याकडे शेतीतच होते असे नाही.

वडील आता नाहीत. सतारीच्या भोपळ्याच्या आत, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, कारागीर कधी कधी आपले नाव लिहून ठेवतो, हे त्यांनी मला एकदा दाखवले होते. वाद्य फुटले किंवा दुरुस्तीला उघडले, तरच ते नाव दिसते. भाटियांचे नाव मला तसेच दिसले, ते गेल्यावर. परवा इंटरनेटवर ‘भारत एक खोज’चा पहिला भाग पुन्हा पाहिला. सूक्त संपले, नावे सरकू लागली. या वेळी मी हाताने मुलाला गप्प केले आणि ते नाव येईपर्यंत थांबलो. मग निवेदक म्हणत, तसे मोठ्याने म्हटले, ‘संगीत, वनराज भाटिया.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)